पायाला दाखवलेला प्लॅन

लॅपटॉप कमलताईंकडे वळवला आणि मी जागच्या जागी गारठले. स्क्रीनवर वसतिगृहाचा झकास थ्रीडी व्ह्यू होता. आणि ज्यांना तो दाखवत होते त्या वॉर्डन कमलताई जन्मांध!

"कावून थांबल्या मॅडम?" त्या हसून म्हणाल्या. "मले नका दाखवू. माह्या पायाले दाखवा."

अमरावतीत आम्हा तिघा आर्किटेक्टचं ऑफिस आहे. संस्थांची कामं करतो. हे काम अंध मुलींच्या वसतिगृहाचं होतं. अकोल्याच्या भाड्याच्या घरात मुली एकमेकींचा हात धरून, रांग करून जेवायला जायच्या. नव्या इमारतीत प्रत्येक पोरगी खाटेपासून स्वयंपाकघरापर्यंत एकटी गेली पाहिजे, ही कमलताईंची एकच अट होती.

खोदकामाआधी भिंती कुठे येणार ते जमिनीवर चुन्याने आखतात. त्याला आम्ही लाइनआउट म्हणतो. या वेळी आमचे मिस्त्री सलीमभाई यांनी चुन्याऐवजी कोरड्या विटांचे दोन-दोन थर मांडले. बाळापूर रोडवरच्या त्या रिकाम्या प्लॉटवर अख्खी इमारत घोट्याएवढी उभी राहिली.

आठ मुली आल्या. पहिली फेरी माझा हात धरून झाली, दुसरी एकटीने. खोल्यांमध्ये विटेला पाय लावत त्या भराभर गेल्या. मग आला माझा लाडका चौक, तीस बाय तीस फुटांचा. 'मोकळी जागा म्हणजे मोकळा श्वास' असं मी प्रेझेंटेशनमध्ये लिहिलं होतं. डोळसांचं शहाणपण, दुसरं काय! चौकात पायाला वीटच लागेना. तीन पोरी भरकटून थेट रेतीच्या ढिगावर चढल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

चौथी रुखसाना, अकरा वर्षांची. चौकाच्या मधोमध थांबली. मान किंचित वाकडी केली, पाय वळवला आणि सरळ स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिली.

"कसं कळलं गं तुला?"

"निंबाचा आवाज येऊन राहिला ना मॅडम. पयल्या फेरीत तो स्वयंपाकघराच्या मांगंच होता."

मी कान दिला. मला फक्त रोडवरचे ट्रक ऐकू आले. बऱ्याच वेळाने, अगदी बारीक, मागच्या कडुनिंबाच्या पानांची सळसळ. वीस वर्षं मी जागा 'वाचते' म्हणून मिरवत होते, आणि ही पोरगी एका फेरीत अख्खा प्लॉट कानात भरून घेऊन गेली होती!

पण खरी लाज पुढेच होती. त्या निंबावर माझ्या ड्रॉइंगमध्ये लाल फुली होती. तिथे पार्किंग येणार होतं. दुसऱ्या दिवशी झाड तोडायला माणसं येणार होती.

"निंब ठेवायचा," मी संस्थेच्या सचिवांना सांगितलं. "पार्किंग गेटजवळ नेऊ."

"अहो मॅडम, प्लॅन मंजूर झालाय! पुन्हा सगळे कागद फिरवायचे?"

"फिरवू. चूक माझी आहे, खेटे मी घालीन."

"थे ठीक हाय," कमलताई म्हणाल्या. "पन वारा पडला मंग? अन् साऱ्याच पोरीचे कान हिच्यासारखे नाही."

सलीमभाईंनी गिट्टीचं घमेलं उचललं आणि चौकातून हातभर रुंद पट्टी ओतत गेले. "गुळगुळीत फरशीमंदी अशी खरबरीत दगडाची पट्टी टाकू. पायाले लगेच समजते."

रेतीवर गेलेल्या त्या तिघींनी चपला काढल्या. तिघीही दारापर्यंत पोचल्या. तिसरी तर दोनदा गेली, हौसेने.

उद्घाटनाला मी चौकात उभी राहून निंबाकडे बघत होते. स्वयंपाकघरातून रुखसाना आली. एकटी. हातात चहाचा काठोकाठ भरलेला कप. बशीत एक थेंब सांडला नव्हता. माझ्यापासून दोन पावलांवर ती थांबली.

"मॅडम, तुमीच ना?"

"हो गं. कसं ओळखलंस?"

"दुसरं कोण उभं राहीन इथं? जरा बाजूले व्हा. माह्या रस्त्यावर उभ्या हाय तुमी."

खाली पाहिलं. माझे दोन्ही पाय खरबरीत पट्टीवर होते. मी बाजूला झाले. आता कुठल्याही नव्या कामात आधी तेच करते: बाजूला होते आणि ज्यांना तिथे चालायचंय त्यांना चालू देते.