ज्वारीखाली ठेवलेली नजीर

वडिलांची पुस्तके कपाटात होती तोवर त्यांना चामड्याचा आणि कडुनिंबाच्या वाळक्या पानांचा वास असे. नांदेडच्या आमच्या घरात, पुढच्या खोलीत, उर्दूतल्या नजिरींचे जाड खंड ओळीने उभे असत. नजीर म्हणजे वरच्या अदालतीने पूर्वी दिलेला निकाल. खालच्या अदालतीत तो पुस्तकातून दाखवला की न्यायाधीशाला त्याच्याकडे पाठ फिरवता येत नाही, असे वडील म्हणत.

माझा मामा त्यांच्या हाताखाली वकिली शिकत होता. सकाळी एखादी नजीर तो मोठ्याने वाची, मला मराठीतून समजावून सांगे, आणि मग अंगणात मला साक्षीदार करून उभी करी. एकदा त्याने माझ्या डोळ्यांवर उपरणे बांधले. आई आणि शेजारच्या काकू आळीपाळीने एकच वाक्य बोलल्या.

"कोण बोललं?"

"आई."

"शपथेवर सांगतेस?"

"शपथेवर नको."

"साक्षीदार फुटली," मामा हसून म्हणाला.

आतून वडिलांचा आवाज आला, "फुटली नाही, खरं बोलली. या दोहोंतला फरक कळेल त्या दिवशी अदालतीची पायरी चढ."

पुढे असे दिवस आले की दिवेलागणीच्या आधीच गल्लीतली दारे लागू लागली. रस्त्यावर बूट वाजले की आई कणीक मळायची थांबे. वडिलांनी वकिली सोडली आणि ते संस्थानाच्या सरहद्दीपलीकडे गेले. जाण्यापूर्वी त्यांनी सगळे खंड गोणपाटात शिवले, गाडीत घातले आणि आजोळी धाडले. आजोळ अहमदपूर-उदगीरच्या मधले, काळ्या मातीचे गाव. मागोमाग आम्हीही तिथेच गेलो.

वडिलांच्या सांगण्यावरून आजोबांनी ती पुस्तके पेवात ठेवली. जमिनीच्या पोटात खणलेल्या त्या खोल कोठारात गावाची वर्षभराची ज्वारी होती. सरकारची लेव्ही धान्य उचलून नेई, म्हणून गावाने ती तिथे दडवली होती आणि तोंड मातीने लिंपून त्यावर कडबा रचला होता. घराची झडती होते, मातीची कोण घेणार, असा वडिलांचा हिशेब होता. पेवातली ज्वारी आतल्या आत तापते आणि आंबूस वास धरते, हे शहरात राहून ते विसरले असावेत.

त्याच सुमारास गावातल्या एका तरुण शेतकऱ्याला धरून नेले. करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका कोणीतरी जाळला होता. अंधारात चेहरा दिसला नाही, पण आवाज ह्याचाच होता, अशी नाक्यावरच्या जवानाची साक्ष. त्याची बायको आमच्या ओसरीवर येऊन बसली. तिच्या लुगड्याला चुलीचा धूर होता आणि हाताला हळदीचा पिवळा डाग.

"दादा, तुम्ही वकील हाव ना?"

मामाच्या हाती सनद येऊन थोडेच दिवस झाले होते. "अजून शिकतोच आहे, बाई."

"मग शिका की लवकर. माझा माणूस आत हाय."

मामाला ती नजीर आठवत होती: केवळ आवाजाच्या ओळखीवर माणसाला शिक्षा देता येत नाही. उपरणे बांधून मी जिची तालीम केली होती, तीच. पण तिचा खंड ज्वारीखाली होता.

पेव उघडले तेव्हा उन्हे वर आली होती. लिंपण फुटताच आतून एक ऊन, आंबट श्वास बाहेर आला. आजोबांनी दोरीने कंदील खाली सोडला. ज्योत निळी झाली आणि विझली. अशा पेवात उतरलेली माणसे वर येत नाहीत, हे आम्हा मुलांनाही ठाऊक होते. मग बाप्यांनी घोंगडी खाली सोडून वर ओढायला, पुन्हा सोडून पुन्हा ओढायला सुरुवात केली, जणू विहिरीतून हवा शेंदत होते. कंदील तगला तेव्हा त्या शेतकऱ्याचा भाऊ कमरेला दोर बांधून उतरला.

खंड माझ्या हातात आला तो तापल्या अंगासारखा होता. पाने तपकिरी पडली होती. अक्षर मात्र शाबूत होते. पेव पुन्हा लिंपले. मी ते पुस्तक उन्हात ठेवले, ऊद जाळला, पानापानांत कडुनिंब घातला. धूर विरला की ज्वारी परत येई. त्या मुलखात हा वास कोणालाही डोळे मिटून ओळखता येतो. पुस्तक अदालतीत उघडले, तर त्याच्यासोबत गावाचे पेवही उघडणार होते.

आजोबांनी गाव बोलावले.

"पुस्तकाबिगर बोलता येत न्हाई का?" एकाने विचारले.

"बोलता येतं. ऐकत नाहीत," मामा म्हणाला.

"आन लेकरं काय खातील? ह्याची पानं?"

ती बायको खांबाशी उभी होती. तिच्याकडे कोणीच पाहत नव्हते. शेवटी आजोबा उठले, उपरणे झटकले. "ने," एवढेच ते म्हणाले.

उदगीरच्या अदालतीत तिच्या सोबतीला म्हणून मी गेले. खिडकीशी, ओसरीवर आम्ही दोघी बसलो. मामाने जवानाला प्रश्न विचारले, सावकाश, अंगणात विचारी तसे. मग पुस्तक पुढे केले. न्यायासनावरच्या मुन्सिफसाहेबांनी पान उलटले आणि त्यांचा हात थांबला. पानातून ज्वारीतला एक सोंडकिडा निघाला आणि मेजावरच्या हिरव्या बनातीवरून चालू लागला. सरकारी वकिलाने नाकाला रुमाल लावला. रुमालामागे तो हसत होता. मागच्या बाकावर लेव्ही वसूल करणारा गिरदावर बसला होता. तो उठला आणि चुलीवर काय शिजते आहे ते पाहायला यावे तसा पुढे आला.

मुन्सिफसाहेबांनी किड्याला हलकेच फुंकर घातली. "वकीलसाब, इस किताब को धूप दिखाओ," ते म्हणाले. मग पुस्तक मिटून त्यांनी त्यावर हात ठेवला. निकाल होईपर्यंत पुस्तक अदालतीतच राहणार होते.

दुसऱ्या दिवसापासून गावाबाहेरच्या लिंबाखाली गिरदावराचा एक घोडेस्वार येऊन बसू लागला. तो काही विचारत नसे. पाणी मागे, पिई, सावली सरकेल तसा सरके. कोणत्या वाटेने कोण कुठे जाते, एवढेच पाही. ज्वारी हलवायची तर पेवाकडे जावे लागे, म्हणून त्या दिशेला कोणी वळेना. बायका शेणाला दुसरीकडे जाऊ लागल्या. पाऊल न पडलेली वाटही इतकी बोलकी असते, हे मला तेव्हा कळले.

निकालाच्या दिवशी तो शेतकरी सुटला. पुस्तक परत आले, आता त्याला अदालतीच्या शाईचाही वास होता. परतीच्या बैलगाडीत त्याची बायको त्याच्या मनगटावरचा काढणीच्या दोराचा वळ अंगठ्याने चोळत बसली होती. तो हसून मामाला म्हणाला, "तुमचं पुस्तक लई गुणाचं बघा. आमच्या ज्वारीवानी वास येऊन राहिला त्याला."

मामाने बैलांना चुचकारले.

ओढा ओलांडून गाडी चढणीला लागली आणि गाव दिसले. लिंबाखाली घोडा नव्हता. पलीकडे, पेवावरच्या कडब्याच्या गंजीच्या जागी, पाखरांचा एक काळा भोवरा आभाळात फिरत होता, खाली उतरत होता, पुन्हा उठत होता.

"पेव कोणी उघडलं?" त्या शेतकऱ्याने विचारले.

बायकोने त्याचे मनगट सोडले नाही. मामाने कासरा सैल केला, आणि बैल आपणहून थांबले.