वरच्या वाडीचं पाणी

चँडलरहून निघालो तेव्हा एअरपोर्टवर सोडायला आलेल्या कुंदा काकू म्हणाल्या, "अमेरिकेतून अमेरिकेतच तर चाललीस, मग रडतेस कशाला?" त्यांचंही खरंच होतं. पॅसिफिकमधल्या या बेटावर झेंडा तोच, डॉलरही तोच. फक्त शेवटचं विमान इतकं लहान, की बॅगांबरोबर माणसांचंही वजन करतात. काउंटरवरच्या बाईंनी माझं वजन मोठ्याने वाचलं, तेव्हा माझी लेक मिहिका शांतपणे म्हणाली, "आई, नाऊ एव्हरीबडी नोज."

मी पाणीपुरवठ्याची इंजिनियर. बेटाच्या सरकारात जॉब मिळाला म्हणून आलो. इथे लायसन्स, कचरा, बोटीचं तिकीट, पाणी, सगळं एकाच बैठ्या इमारतीत. शुक्रवारी कचऱ्याचा ट्रक मेयर स्वतः ड्राइव्ह करतात, कारण ड्रायव्हर चर्चमध्ये गातो आणि त्या दिवशी त्याची प्रॅक्टिस असते. आमच्या वर्ध्याला नगराध्यक्षांची गाडी दिसली की लोक बाजूला व्हायचे. इथे लोक मेयरना थांबवून जुनी गादी ट्रकमध्ये टाकायला लावतात.

माझं पहिलं काम वरच्या वाडीची पाइपलाइन. टेकडीवरची ती घरं पावसाचं पाणी टाक्यांत साठवून दिवस काढायची. प्लॅन आधीच मंजूर होता, पाइप जहाजाने आले होते. पण लाइन जाणार होती सीना मावशींच्या अंगणातून, आणि इथे घरच्या माणसांना अंगणातच पुरतात. खोदायला गेलो तर मावशी खुर्ची टाकून बसलेल्या.

"इथे माझा नवरा आहे," त्या म्हणाल्या. "त्याला घाई कधीच आवडली नाही."

काम थांबलं. गावाची बैठक भरली, सगळे चटईवर. मेयर माझ्या कानात म्हणाले, "आज मोजायचं नाही. ऐकायचं." लोसा नावाची तरुण आई कडेवरचं बाळ सावरत उठली. "मेलेल्यांचा मान मीही राखते, मावशी. पण टाकीतल्या पाण्याने याचं पोट परत परत बिघडतंय."

मावशी बाळाकडे बघत राहिल्या. मग मला म्हणाल्या, "मागच्या बाजूने जाईल का? माझी डुकरं आहेत तिथे. कुंपण हलवू."

उतार पुरतोय का ते मी बघून आले. पुरत होता. दुसऱ्या दिवशी सगळी वाडी खोदायला आली, ड्रायव्हर गात होता, आणि सुटलेल्या डुकरांमागे मिहिका चिखलात लोळून आली. पाणी आलं तेव्हा मावशींनी पहिला मग भरून नवऱ्याच्या थडग्यावर ओतला, दुसरा लोसाच्या हातात दिला.

तुम्ही सगळे, वर्ध्याचे आणि चँडलरचे, विचारता, करमतं का गं तिथे? गेल्या आठवड्यात वादळाने ती लाइन फुटली, तेव्हा मी वर्ध्याला आईशी फोनवर बोलत होते. म्हटलं, "आई, ठेवते आता. आपलं पाणी गेलंय."

"आपलं? आपल्या नळाला तर आत्ताच आलं."

"इथलं आपलं, आई."

ती म्हणाली, "मग जा ना. बोलत काय बसलीस?"