वस्त्रोद्योगमंत्री खाडीवर आले

"मॅडम, साहेबांचं खातं बदललं," मंत्र्यांचे पीए फोनवर म्हणाले. "मत्स्यव्यवसाय गेलं, वस्त्रोद्योग आलं. आत्ताच आदेश निघाला. परत फिरायचं का?"

त्यांची गाडी कुडाळ सोडून पुढे आली होती. मी मालवणजवळच्या एका खाडीच्या जेटीवर उभी होते. समोर मांडव, मांडवात सगळा गाव. त्या दिवशी एकही होडी समुद्रात गेली नव्हती. मंत्री येणार म्हणून.

मी नायब तहसीलदार. राजशिष्टाचाराचं काम माझ्याकडे. मंत्री आले की ते कुठे बसणार, कोणाला भेटणार, काय बघणार, हे सगळं आमच्याकडे असतं. खातं वाटेतच बदललं तर काय करायचं, हे मात्र कुणी शिकवलेलं नव्हतं.

गावाचं दुखणं साधं होतं. खाडीच्या तोंडाशी वाळू साचली होती. ओहोटीच्या वेळी होडी आत घेताना तळ घासायचा, मागून लाट आली की होडी आडवी व्हायची. मागच्या हंगामात दत्ताराम तांडेलांची होडी तिथेच उलटली. तांडेल म्हणजे होडीचा प्रमुख. माणसं वाचली, पण त्यांच्या भावाचा पाय कायमचा गेला. गाळ काढायचा प्रस्ताव आम्ही त्यानंतर वर पाठवला होता.

आमचे प्रांतसाहेब बाजूला येऊन म्हणाले, "लोकांना काही सांगू नका. निवेदन देतील, फोटो होईल, संपलं."

"सर, संध्याकाळी टीव्हीवर कळेलच त्यांना. मग उद्या माझ्याच दारात येतील."

"मग तुम्हीच सांगा," ते म्हणाले.

मी माईक घेतला नाही. बायकांच्या रांगेत जाऊन बसले आणि मालवणीतच सांगितलं. शेवंतीकाकी मासे विकणाऱ्या बायकांच्या पुढारी. त्यांनी नीट ऐकून घेतलं.

"म्हणजे ह्यो मंत्री आता आमचो नाय?"

"नाय, काकी. आता कपड्यांचा खाता आसा तेंच्याकडे."

"मगे जाळी तरी इणतत काय?"

मांडव हसला. दत्ताराम मात्र हसले नाहीत. "परत धाडा तेंका," ते म्हणाले. "आजच्या दिवसाचो फुकट खाडो झालो आमचो."

तेव्हा मला सुचलं ते मी बोलले. खातं गेलं तरी मंत्रिपद गेलेलं नाही. मंत्रिमंडळाच्या बैठकीत हे सगळे एकाच टेबलाला बसतात, आणि तिथला निर्णय सगळ्यांचा मिळून असतो. टेबलावरच्या एका तरी माणसाने ही खाडी डोळ्यांनी बघितलेली असली तर वाईट काय?

शेवंतीकाकी उठल्या. "येवंदे. जेवाण केलेला आसा."

मी पीएंना कळवलं, "लोक वाट बघताहेत."

मंत्री वऱ्हाडातले. गाडीतून उतरले तेव्हा चेहरा उतरलेला होता. हार बाजूला ठेवायला सांगितला. "भाषण नको," म्हणाले. "काय दाखवायचं ते दाखवा ना."

ओहोटी लागली होती. दत्तारामनी होडी काढली. मंत्री बसले, प्रांतसाहेब बसले, मीही बसले. मी वैभववाडीची, डोंगराच्या पायथ्याची. पाण्याची मला भीतीच. तोंडाशी आल्यावर तळ खर्रकन घासला आणि होडी कलली. मंत्र्यांनी माझा हात घट्ट धरला. मी प्रांतसाहेबांचा.

होडी सावरल्यावर मंत्र्यांनी विचारलं, "हा गाळ काढायचं काम कोणत्या खात्याचं?"

प्रांतसाहेब माझ्याकडे बघू लागले. मी सांगितलं. जलमार्ग म्हणून बंदरे. काढलेली वाळू महसूल. काठावरची तिवरांची झाडं वन. होड्या तेवढ्या मत्स्यव्यवसाय.

"मग प्रस्ताव अडला कुठे?"

मी म्हणाले, "सर, तो आपल्याच मत्स्यव्यवसाय विभागातून परत आला. 'विषय या विभागाशी संबंधित नाही' असा शेरा होता."

दत्ताराम वल्हं धरून म्हणाले, "सायबांनू, आमका खाता नको. वाट व्हयी."

मंत्र्यांनी होडीतूनच बंदरे खात्याच्या मंत्र्यांना फोन लावला. "मी अडकलोय," म्हणाले. "नाही हो, खरोखरच. वाळूत. तुम्ही बैठक लावा, मी येतो. माझं खातं नाही, पण मी येतो."

जेवताना त्यांनी सुरमई दोनदा मागून घेतली. शेवंतीकाकींनी त्यांना काटे काढायला शिकवलं.

बैठक झाली. ते खरंच आले, आणि चारही खात्यांना एकत्र पाहणी करायला लावली, असं पीएंनी मला नंतर सांगितलं. सगळं पटापट झालं असं नाही. वन खात्याच्या परवानगीत एक पावसाळा गेला. पण आधी वाट दाखवणारे बोये तरंगू लागले, आणि पाऊस सरल्यावर गाळ काढणारं यंत्र आलं. काम अजून अर्धंच झालंय. तरी आता ओहोटीलाही होड्या आत येतात. दत्तारामचा भाऊ जेटीवर बर्फ विकतो आणि येणारी प्रत्येक होडी बघतो.

मी त्यातून एक गोष्ट उचलली. खात्यांची संयुक्त बैठक आता मी शक्यतो कार्यालयात घेत नाही, होडीत घेते. हेलकावणाऱ्या होडीत बसून 'हा आमचा विषय नाही' असं म्हणणारा अधिकारी मला अजून भेटायचाय.