रोटाच्या पंगतीत माझं पान

हिलालअप्पांना साठावं वर्ष लागलं, म्हणून आपण मंडळींनी ही हस्तलिखित पुस्तिका काढली. ती आपल्यातच फिरणार आहे, तेव्हा मोकळेपणानं लिहितो.

अप्पांची पहिली भेट नंदुरबारला, मी गुमास्ता होतो त्या कापडदुकानात झाली. अप्पा आणि सुकदेवअप्पा एकाच ताग्यातून दोघांचे सदरे बेतायला आले होते. सुकदेवअप्पांच्या खांद्याला कापड लावून अप्पा इतक्या मायेनं बघत होते, की मी मोजायचं विसरून उभा राहिलो. दोन पुरुषांचा असा संसार असतो? मला ठाऊकच नव्हतं! अप्पांनी माझी नजर ओळखली. जाताना हळूच म्हणाले, "रविवारले वाडीवर ये भाऊ. तठे कोणी काहीच इचारत नही."

लग्नाला नकार देऊन मी त्याचं खरं कारण वडिलांना सांगितलं होतं. त्यांनी दार लावून घेतलं. तेव्हापासून मी दुकानाच्या माळ्यावरच राहत होतो.

तापीकाठची ती केळीची वाडी मला आजही अर्धी स्वप्नातली वाटते. पानांतून हिरवा उजेड झिरपायचा, नदीवरून गार झुळूक यायची. नवापूर, अक्कलकुव्याहून आलेली आपली माणसं सतरंजीवर ऐसपैस पसरलेली असायची. गावानं ज्यांना बाई मानलंच नाही त्या शांताबाई तिथं नऊवारी नेसून भाकरी थापायच्या. नियम एकच होता, 'लगीन कव्हय?', लग्न कधी, असं जो विचारेल त्यानं पंगतीची भांडी घासायची. पहिल्याच रविवारी सवयीनं मीच विचारलं, आणि घासघासून हात मोडले हो!

श्रावणात अप्पांकडे कानबाई बसल्या. नारळाला नथ घालून देवी सुकदेवअप्पांनीच सजवली. कानबाईचा रोट, म्हणजे तिच्या नैवेद्याचं जेवण, फक्त भाऊबंदांनी खायचं, परक्याला कणही द्यायचा नाही, ही आपल्या खान्देशची रीत. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू दळणात पडतात. माझ्या घरी त्या वर्षी माझी मूठ पडली नव्हती. पानं मांडली तसा मी चप्पल घालायला उठलो.

"कथा चालना?" कुठं निघालास, म्हणून अप्पा गरजले.

"अप्पा, रोट भाऊबंदांचा असतो."

"मंग तू कोण शे? तुन्हा नावना गहू मी कालदिन दळणमा टाकात. बस!"

मी बसलो. पहिला घास रडत रडतच खाल्ला. शेजारी शांताबाईंचंही पान होतं. त्यांच्या नावाचे गहूही अप्पांनी टाकले होते. रीतीत बायकांची मूठ नसते, पण अप्पांना कोण सांगणार!

याची किंमत अप्पांनी मोजली. सख्ख्या भावांनी त्यांचा रोट वेगळा केला, बोलणं टाकलं. अप्पांनी मात्र पुढच्या श्रावणात दळणाला मोठी पाटी आणली.

शुभ प्रसंगी असं बोलू नये म्हणतात, पण मी फटकळच. रोट एक झाला की सुतकही एक होतं. माझ्यासारख्या घराबाहेर काढलेल्या माणसाचं सुतक धरणारं एक घर अप्पांनी या जगात करून ठेवलं. अप्पा, तुम्हा दोघांना ठणठणीत, उदंड आयुष्य लाभो. तुमचं सुतक धरायचा मान आम्हाला आहेच. पण तो मिळण्याआधी आम्ही सगळे म्हातारे होऊन जाऊ, एवढं जगा.