दाजींनी पसंत केलेला ट्रॅक्टर

आमच्या घरात ट्रॅक्टरमधलं सगळ्यात जास्त मला कळतंय आन सगळ्यात कमी मलाच इचारलं गेलं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं मी जरा जास्तच बोलणार हाय.

आमचं गाव नेकनूरपासून आत. रान तीन एकर, ते बी एका जागी न्हाई, वाटण्या होता होता तीन पट्ट्या झालेल्या, लांबच लांब आन अरुंद. पप्पा परळीला थर्मलमधी कंत्राटी कामाला हायत, सुट्टी मिळंल तसं येतेत. ताई माजलगावकडं दिलेली. मी बीडला कॉलेज करते, एसटीनं ये-जा. म्हंजे रान कोण करतंय? आई. एकटी आई.

आन आईला एकच गोष्ट छळायची, वापसा. पाऊस पडून गेला की लगेच पेरता येत न्हाई, चिखल असतो. जास्त थांबलं तर वरची माती टणक होती. मधी थोडाच टाइम असा असतोय की मूठभर माती दाबली तर गोळा होती आन बोटानं टोचलं की फुटती. तोच वापसा. तेवढ्यात पेरलं तर बी सारखं उगवतंय. बैलं आमच्याकडं कधीच नव्हती, सगळं भाड्याच्या ट्रॅक्टरवर. आन भाड्यावाला आधी मोठ्या रानाच्या लोकांचं करणार, मग मधल्यांचं, मग आमचं. आई बांधावर उभी राहून माती मुठीत घेऊन बघायची, फोन लावायची. "भाऊ, आज येताव का?" तिकडून, "वैनी, आलोच बघा." तो 'आलोच' म्हंजे माती पांढरी पडल्यावर.

म्हणून पप्पांनी ठरवलं की छोटा ट्रॅक्टर घ्यायचा. परवडंल असा, आपल्या रानात मावंल असा, आन आईला चालवता यील असा. शेवटचं लई महत्त्वाचं होतं, कारण चालवणार तीच होती.

मग काय, मी सुटलेच! मोबाइलवर इतके व्हिडिओ बघितले की आई म्हणायची, "अभ्यासाचं पुस्तक हाय का ते?" अठरा एचपी, वीस एचपी, चाकांमधलं अंतर कमी-जास्त होतंय का, हायड्रॉलिक किती वजन उचलतंय, डिझेल किती पितंय. एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी काकांना बी सांगायचे. एक काका तर म्हणले, "पोरी, तू इकायला बसलीस की घ्यायला?"

थंडीत गावात एका कंपनीचा छोटा ट्रॅक्टर दाखवायला आलता. आमच्या कपाशीत घालून दाखवतो म्हणले. दोन ओळींच्या मधून तो असा निघाला, एक पान तुटलं न्हाई. दाखवायला आलेला माणूस चांगला होता. आईला म्हणला, "मावशी, बसा की वर."

आई म्हणली, "मी? माय, लोक हसतेल."

मी म्हणले, "कोण लोक? इथं मी आन दोन बकऱ्या हाईत."

आईनं साडीचा काष्ट्यासारखा खोचा घातला आन बसली. पाय क्लचवर पोचला! मी खाली उभी राहून तिच्या पायाकडंच बघत होते. गेली पट्टीच्या टोकापर्यंत, त्या माणसानं सांगितलं तसं एका बाजूचं ब्रेक दाबलं आन जागच्या जागी वळून परत आली. तोंडावर असं हसू की मी तिचं तसलं हसू ताईच्या लग्नात बी बघितलं न्हाई.

"अगं हे तर बकरीसारखं वळतंय," ती म्हणली. "वापसा झाला की सकाळी उठून मीच पेरीन, कुणाला फोन बी करायचा न्हाई."

ठरलं होतं हो सगळं. मॉडेल ठरलं, रंग सुद्धा ठरला. फक्त जाऊन आणायचा राहिलता.

तर पप्पांनी दाजींना फोन केला. फोन करणं भाग होतं. एवढी मोठी वस्तू घ्यायची आन जावयाला इचारायचं न्हाई म्हंजे तो अपमान. दाजींचं रान धरणाच्या पाण्याखाली, ऊस, घरी दोन मोठाले ट्रॅक्टर. दाजी वाईट माणूस न्हाई, हे मी मनापासून सांगते. ताईला जपतेत. पप्पांच्या एका शब्दावर जीप घेऊन सकाळीच हजर झाले.

आता जावई घरी आला म्हणल्यावर आईला चुलीपुढून हलता येतंय का? मटण, भाकरी, वरून गोड काहीतरी. दाजी म्हणले, "मामी, तुमी निवांत सैपाक करा, आमी यिवून जेवतो." म्हंजे जिच्यासाठी ट्रॅक्टर घ्यायचा तीच घरी मसाला वाटत बसली. मी म्हणले, "आई, तू चल की, मी करते सैपाक." आई म्हणली, "येडी हाईस का? जावयाला तुझ्या हातचं खाऊ घालू? तू जा. तुला सगळं माहीत हाय." मी गेले. मागं बसून.

शोरूममधी दाजींनी छोट्या ट्रॅक्टरच्या चाकाला बुटाचं टोक लावलं.

"मामा, हे काय, लेकरांचं खेळणं घ्यायचं का?"

पप्पा म्हणले, "तसं नव्हं जावईबापू. रान बी आपलं तेवढंच हाय..."

"अहो पण ह्याला ट्रॉली कसली लागणार? ह्याच पैशात माझ्या वळखीत जुना मोठा मिळतोय, ट्रॉलीसकट. भाड्यानं लोकांची कामं करा, कारखान्याला ऊस वाहा. ट्रॅक्टर कसा, दारात उभा असला की दिसला पायजे!"

मी मधीच बोलले. भडाभडा बोलले. आमची पट्टी किती अरुंद हाय, मोठ्याला वळायला टोकाला किती जागा सोडावी लागती, चाक कपाशीत मावणार न्हाई, आन मुख्य म्हंजे आईचा पाय—

दाजी हसले. "मामा, मेहुणी लई हुशार हाय बरं का! युट्युबवर औत हाकती!"

सेल्समन हसला, पप्पा हसले. आन मी बी हसले! कारण दाजी-मेहुणीचं नातंच चेष्टेचं. त्यांनी मला चिडवायचं, मी त्यांच्या बुटात पाणी ओतायचं, हे लग्नापासून चाललेलं. आता त्या नात्यात मी रडकुंडीला यिवून जरी बोलले तरी ती चेष्टाच वाटणार. मी म्हणले, "दाजी, मी खरंच बोलायले." ते म्हणले, "मी कुठं खोटं म्हणलो? तुला ट्रॅक्टरवालाच नवरा बघू!" परत सगळे हसले.

पप्पा पाणी प्यायच्या निमित्तानं बाजूला आले. मी म्हणले, "पप्पा, चालवणार आई हाय."

"कळतंय मला, बाई."

"मग सांगा की त्यांना!"

"काय सांगू? ते आपल्यासाठी कामधंदा सोडून आलेत. त्यांचा शब्द खाली पाडला तर ते काही बोलणार न्हाईत, पण त्यांच्या घरी कळलंच की, सासऱ्यानं इचारलं आन ऐकलं न्हाई. ताई तिथं नांदती." ग्लास ठिवून म्हणले, "ड्रायव्हर देतो म्हणलेत ते त्यांच्याकडला."

पप्पा असे बोलले की मला त्यांच्यावर चिडता बी येईना. मी शोरूमच्या त्या छोट्या ट्रॅक्टरच्या सीटवरून हात फिरवला, जीपमधी जाऊन बसले.

संध्याकाळी मोठा ट्रॅक्टर दारात आला. आईनं मेणबत्ती लावली, फुलं वाहिली, आमी सगळ्यांनी त्रिसरण म्हणलं. दाजींनी तीन भाकरी खाल्ल्या आन आईच्या मटणाचं लई कौतुक केलं. ते गेल्यावर आई हळूच त्या सीटवर चढली. चढताना दोनदा साडीत पाय अडकला. पुढं सरकत सरकत पार सीटच्या कडंला आली, क्लचला नुसती बोटं टेकली. तिनं पाय लांब करून बघितला, परत मागं घेतला. खाली उतरून हात झटकले.

"उंच हाय," एवढंच म्हणली. मग म्हणली, "वरून पार लांबचं दिसतंय पण."

एक सांगितलं पायजे. एप्रिलात जयंतीला आमची ट्रॉली मिरवणुकीत होती. निळे झेंडे, लायटिंग, पोरं नाचायलेली आन पप्पा निळा फेटा बांधून ड्रायव्हरशेजारी मडगार्डवर बसलेले. आमच्या वस्तीतला हा पहिला मोठा ट्रॅक्टर. म्हातारी माणसं चाकाला हात लावून बघत होती. पप्पांचं तोंड बघून मलाच वाटलं, जाऊ दे, कदाचित दाजींचंच बरोबर असंल. सगळ्यांनीच तसं वाटून घेतलं. आईनं पण.

मग जून आला. पाऊस बरा झाला. सकाळी आई बांधावरून आली ते मूठ झाकूनच. उघडून दाखवली, मातीचा गोळा. बोटानं टोचला, फुटला. वापसा!

ड्रायव्हरला फोन लावला. तो माजलगावकडं कुणाच्यातरी पोकलेनवर गेलता, तिथं पगार जास्त. दाजींना लावला. "उद्या पाठवतो मामी, काळजीच करू नका." उद्या कुणी आलं न्हाई. त्यांची बी पेरणी चालू होती, ट्रॅक्टर दोन, ड्रायव्हर एक राहिलेला. ते तरी काय करणार?

शेवटी आईनं तो जुना नंबर लावला. भाड्यावाला. स्पीकरवर होता, मी ऐकलं.

"भाऊ, पेरणी करून देताव का?"

तिकडून, "वैनी, तुमच्या दारात हत्ती उभा हाय की! मला कावून फोन?"

"ड्रायव्हर न्हाई भाऊ."

"मंग असं करा, मलाच ड्रायव्हर ठिवा!" आन लई हसला. नंतर म्हणला, "बघतो. ह्या लोकांचं झालं की आलोच."

आई फोन ठिवून बांधाकडं बघत बसली. मला ते सहनच होईना. मी म्हणले, "मी पेरते." माझे पाय लांब हायत, पप्पांवर गेलेत. ड्रायव्हरकडून अंगणात, रस्त्यावर जरा चालवायला शिकलते. आई नको नको म्हणत होती, पण माती तर वाळायलीच होती ना!

मागं ट्रॅक्टरसंगंच आलेलं पेरणी यंत्र लावून मी नाल्याकडच्या पट्टीत घातला. सरळ गेले. खरंच सरळ गेले हो! आई मागून चालत ओळी बघायली, हात वर करून "बरंय, बरंय" म्हणायली. टोकाला आले, यंत्र उचललं आन वळवायला गेले तर वळंना. एका बाजूला नाला, समोर शेजाऱ्यांचा बांध. ब्रेक दाबून वळवलं तरी एवढं मोठं धूड कुठं फिरणार? टोकाला जागा सोडून पेरायला पायजे होतं. पण तेवढी जागा सोडली तर आमच्या पट्टीत राहतंय काय? मागं घेतलं तर मागची चाकं मी आताच पेरलेल्या ओळींवर. परत पुढं, परत मागं. दर येळी चाकाखाली माती दबून दगडासारखी व्हायली. एकदा पुढचं चाक बांधावर चढलं आन पलीकडं शेजाऱ्यांच्या, आधीच्या पावसावर पेरून उगवलेल्या सोयाबीनमधी उतरलं.

शेजारची काकू खुरपं घेऊनच पळत आली. "आगं ए! डोळे फुटले का? मोठा ट्रॅक्टर घेतला म्हणून दुसऱ्याच्या रानात घालता व्हय?"

आई म्हणली, "वैनी, लेकरू हाय, चुकलं."

"लेकराच्या हातात कशाला द्यायचा मग? स्वतः चालवा की!"

आई खाली वाकून तुडवलेली रोपं सरळ करायली. मी चाक कसंबसं मागं घेतलं आन इंजिन बंद केलं. मला तर त्या काकूचा राग बी आला न्हाई. तिचं पीक तुडवलंच होतं.

ट्रॅक्टर तिथंच बांधाला नाक लावून उभा ठिवला. आईनं घरून बियाणं आणलं, वस्तीतल्या दोन बायांना हाक मारली आन आमी चौघी हातानं टोकण करायला लागलो. दोरी धरायची, भोक पाडायचं, दोन-तीन दाणे टाकायचे, पायानं माती सारायची. एक बाई म्हणली, "ट्रॅक्टरच्या सावलीत तरी बसू दे गं जरा." सगळ्या हसल्या, आई बी हसली. एक पट्टी झाली तवर दिवस कलला. दुसरीची माती वरून वाळायलीच होती. तिसरीकडं कुणी बघितलंच न्हाई.

पप्पांचा फोन आला तेव्हा आईचे हात मातीनं भरलेले. मी तिच्या कानाला मोबाइल धरला.

"झाली का पेरणी?"

आईनं माझ्याकडं बघितलं. "झाली."

"ड्रायव्हर आलता?"

"आलता की."

"कसा चालतोय ट्रॅक्टर?"

"लई छान," आई म्हणली. "तुमी जेवलाव का?"

पप्पा तिकडून खुशीत काहीतरी सांगत होते, त्यांच्यासोबत काम करणारं कुणीतरी ट्रॅक्टर बघायला येणार हाय म्हणं. आई "हो, हो" म्हणायली. माझ्या तोंडात सगळं आलतं, पट्टी, क्लच, काकू, सगळं. मी एवढी बोलणारी. पण आईनं मातीचा हात माझ्या मनगटावर ठिवला आन दाबून धरला, आन मी मोबाइल तसाच धरून उभी राहिले, पप्पांचं बोलणं संपंपर्यंत.