खाली म्हणजे कुठे?

पुण्याहून सकाळची गाडी पकडली तेव्हा माझ्या कोटाच्या खिशात एक अर्ज होता. माझ्या नऊ वर्षांच्या कुसुमला पुन्हा शाळेत घ्यावे, असा. भिंतीवरच्या नकाशापुढे उभी असताना तिने विचारले होते, "खाली म्हणजे दक्षिण कशी?" मास्तरांनी छडी मारली, आणि तेव्हापासून वर्गात शिरले की पोरीची बोबडीच वळायची. सहा महिने तिची आई तिला घरीच शिकवीत होती; कधी मंडईत, कधी नदीकाठी, कधी टेकडीवर. मी स्वतः भूगोलाचा मास्तर, छडी माझ्याही टेबलावर असते. लोक काय म्हणतील, याची मला धास्ती. शेवटी सौ. म्हणाली, "एक दिवस पुस्तकाशिवाय तिच्याबरोबर हिंडा. मग हवा तर टाका अर्ज पोस्टात."

लोणावळ्याला उतरलो. खंडाळ्याला मित्राकडे जेवायचे बोलावणे होते. सडकेने सरळ जाईन तर मी कसला! म्हटले, पायवाटेने जाऊ, पोरीला भूगोल दाखवू. भाद्रपद होता. खाचरांतले (बांध घातलेल्या शेतांतले) भात पोटरीला आले होते आणि बांधावर एक मावशी तण उपटत होत्या. वर्गात तोंड न उघडणाऱ्या माझ्या कुसुमने आपणहून विचारले, "मावशी, तुम्ही इथल्याच का?"

"न्हाई गं बाय. मी खालची, खोपोलीची. हितं वर दिलीया मला."

मावशींनी हसत नाचणीची भाकरी आणि ठेचा पुढे केला. पहिल्याच घासाला माझ्या डोळ्यांतून पाणी! दोघी पोट धरून हसल्या.

थोडे पुढे गेलो आणि असे धुके आले की चार हातांवरचे दिसेना. म्हशी घेऊन एक म्हातारबाबा चालले होते.

"आबा, खंडाळा कुठे?"

"ह्यो काय, खाली. नीट खालीच जावा. लय लांब न्हाई."

पाणी खाली जाते, हे मी दरवर्षी वर्गभर मुलांकडून घोकून घेतो. शेजारी ओढा होता, धरली त्याची वाट.

"नाना, हे खाली नाही," कुसुम म्हणाली.

"गप्प बस!"

तासभर चाललो. एक वहाण चिखलाने गिळली. ना माणूस, ना आवाज. कुठेतरी घाटाचा कडा होता आणि पोरीचा गारठलेला हात माझ्या हातात. नको ती अवदसा आठवली मला!

"वाट चुकली गं कुसुम," मी कबूल केले.

ती मुळीच रागावली नाही. म्हणाली, "मावशींचं खाली म्हणजे कोकण. ओढा तर देशाकडे चाललाय. नाना, धुकं कोकणातूनच वर येतं ना? मग ज्या गालाला गार लागतंय, तिकडे जायचं. आईने शिकवलंय." मग काठीने पुढची जमीन चाचपत, बांधाबांधाने ती पुढे आणि एका वहाणेनिशी मी मागे.

अर्ध्या तासाने इंजिनाची शिट्टी ऐकू आली, मग सडक लागली. हुश्श! मी मैलाच्या दगडावर बसकण मारली आणि पोरीला जवळ ओढले. जिवात जीव आला. खंडाळ्याला पोचेतो तीन वाजले, पंगत केव्हाच उठली होती. गार भाताच्या चार मुदी मी एकट्याने संपवल्या.

संध्याकाळी घरी आलो. सौ.ने दारातच माझ्या पायांकडे पाहिले.

"अहो, वहाण कुठेय? आणि परीक्षेचं काय झालं?"

"पोर पास, मास्तर नापास."

"आणि तो अर्ज?"

"फाडला. आता दुसरा लिहितो, तुझ्या शाळेसाठी. माझ्या नावाने."

ती पदर तोंडाला लावून हसू लागली. कुसुम मात्र गंभीर होती. पायांवर पाणी घेता घेता म्हणाली, "नाना, आमच्या शाळेत छडी नसते हं."

दुसऱ्या दिवशी शाळेत गेल्या गेल्या मी माझी छडी शिपायाच्या हातात दिली आणि चहाच्या चुलीत घालायला सांगितली.