गाढवाच्या सात पिढ्या

बुरुलने एसेनगुलला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो नारीनच्या कुरणावर चारशे मेंढ्यांना गोष्ट वाचून दाखवत होता. त्यातल्या तीनशे नव्याण्णव झोपल्या होत्या आणि एक म्हातारी मेंढी ढसाढसा रडत होती. त्या मेंढीच्या भरवशावर आपण लग्न केलं, असं बुरुल चारचौघांत सांगे. मेंढ्यांचा आकडा दरवर्षी वाढे.

एसेनगुल शाळेत भूगोल शिकवी आणि पोरांसाठी गोष्टी लिही. अकरा वर्षं वाट पाहिल्यावर राजधानीहून प्रकाशकाचं पत्र आलं: पुस्तक काढतो. त्यातली त्याची सर्वांत लाडकी गोष्ट आधी तालुक्याच्या वर्तमानपत्रात आली. लांडगा गाढवाच्या शिंगराला दरडावतो, "सात पिढ्यांची नावं सांग, नाहीतर खातो." आपापल्या सात पिढ्यांची नावं प्रत्येक किरगिझ पोराला दुधाचे दात पडायच्या आत पाठ यावी लागतात. शिंगरू एकेक नाव इतकं सावकाश घेतं की तेवढ्यात मालक येऊन पोचतो.

नावं एसेनगुलने मनाने रचली होती. तिसऱ्याच दिवशी म्हातारा ओमुरझाक चार भावांसह घोड्यावरून दारात हजर.

"मास्तर, माझा खापरपणजा गाढव होता काय रे?"

"बाबा, योगायोग हो! चहा तरी घ्या."

"सातही नावं जुळली? तेही ओळीनं?"

एसेनगुलने पुढच्या अंकात नावं बदलली, तर घाटापलीकडचं गाव चालून आलं. जिथे घरटी सात नावं पाठ, तिथे मोकळं नाव उरणार कुठलं?

"तुमचेच वाडवडील घाला की," बुरुल म्हणाली. "त्यांना कोण विचारतंय?"

घातले. दुसऱ्या दिवशी थोरले दीर आले आणि चहाला शिवले नाहीत.

"बुरुल, नवऱ्याला सांग, आजपासून त्याला भाऊ नाही."

"दादा, मी इथंच बसलोय."

"त्याला सांग, मला ऐकू येत नाही."

मग तिन्ही घराण्यांनी मिळून राजधानीला अर्ज धाडला. उलट टपाली उत्तर आलं: नावं काढा, नाहीतर पुस्तक राहू द्या.

"नावंच नसली तर लांडगा थांबेल कशाला?" एसेनगुल म्हणाला.

"मग पुस्तक परत मागवा."

त्याने गोष्टीचा कागद पुढे ओढला. मग त्याने पेन उचललं.

पुस्तक एकोणऐंशी साली निघालं. त्यात लांडगा काही विचारत नाही, शिंगराला खातो. गोष्ट चार ओळींची आहे. पुढे एसेनगुलने एकही गोष्ट लिहिली नाही.